वाटणी मागणारं खाचर

जमिनीला तोंड होतं आणि ती माणसासारखी भांडायची, तेव्हाची ही गोष्ट. ताराऊ देसाईणीची मोठी जमीन होती. डोंगराच्या उतारावर रान आणि पायथ्याला भाताचं खाचर. खाचराला रान डोळ्यांसमोर नको व्हायचं. असल्यांना मी ओळखते, स्वतःचं ताट भरलेलं असलं तरी नजर शेजारच्या पानात.

एकदा खाचर ताराऊला म्हणालं, "मला दरसाल नांगरतेस, चिखल होईस्तोवर तुडवतेस. आणि वरच्या झाडाची एक फांदी तोडलीस, तर पुढं तीन वर्षं त्याला हात लावत नाहीस. घर जेवतं माझ्यावर, लाड मात्र त्या रानाचे."

"तुला हवंय काय?"

"वाटणी कर. त्याचं त्याला, माझं मला."

रान वरून म्हणालं, "करून टाक गं ताराऊ. त्याची जळजळ तरी थांबेल."

ताराऊने फावडं घेतलं आणि दोघांच्या मधे बांध घातला. त्या साली रानातला पाला खाली आला नाही. पेरणीआधी रोपांची जागा भाजतात, त्या राबाला फांद्याही आल्या नाहीत. रोपं पिवळी उगवली, तरी खाचर ताठच. पण दाणा भरायच्या वेळी पाऊस उघडला आणि त्याच्या अंगाला भेगा पडल्या.

"ताराऊ, झऱ्याचं पाणी सोड की."

"झरा रानातला आहे," ताराऊ बांधावर बसत म्हणाली. "त्याचं त्याला."

खाचराने बांधाकडे पाहिलं. मग हळूच म्हणालं, "फावडं आणलंयस का?"