तिवराच्या पानावरचे मीठ

सागरपट्टण नगरीत सोमवर्मा राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व खाडीकाठच्या एका महिषपालाच्या घरी जन्माला आला होता. पुढे रोगाने म्हशी गेल्या, तेव्हा त्याने भद्रिल नाखव्याच्या जहाजावर वल्हे धरले.

एका सफरीत वादळाने ते जहाज फुटले. भद्रिल, त्याची म्हातारी आई नागश्री, बोधिसत्त्व आणि सात खलाशी एका होडीत उरले. भद्रिलचा धाकटा भाऊ बुडाला. पाण्याची एकच पखाल हाती लागली होती. चौथ्या दिवशी तिच्यात एक घोट राहिला, तोही म्हातारीच्या वाट्याचा. ती तो घेत नव्हती आणि भद्रिल तो दुसऱ्या कोणाला देत नव्हता.

त्या सकाळी भरतीने होडी एका अनोळखी खाडीच्या मुखाशी आणली. दोन्ही काठांना हिरवेगार तिवर उभे होते. भद्रिलच्या जिवात जीव आला. एवढी हिरवी झाडे म्हणजे खाली गोड पाणी असणारच, असे त्याला वाटले. त्याने खलाशांना चिखलात उतरवले. वल्ह्यांच्या पात्यांनी त्यांनी एका बुंध्याशी खड्डा केला. बऱ्याच वेळाने त्यात पाणी झिरपले. कुंभक नावाच्या खलाशाने ओंजळ भरून तोंडाशी नेली, तोच बोधिसत्त्वाने ती उडवून लावली.

"खारं आहे. प्यालास तर तहान दुप्पट होईल."

"अरे म्हशीवाल्या," कुंभक ओरडला, "मग हे झाड काय वारा पिऊन वाढलं?"

"ते हेच पाणी पितं. बरंचसं मीठ मुळाशीच अडवतं. जे आत शिरतं, ते पानांवाटे बाहेर टाकतं." त्याने एक पान उन्हात धरले. त्यावर मिठाचे बारीक कण चमकत होते. "माणसाला ते जमत नाही."

भद्रिलने खड्ड्यात बोट बुडवून जिभेला लावले आणि तो थुंकला. अर्धी भरती या खड्ड्यापायी वाया गेली होती आणि खणायला त्यानेच सांगितले होते.

"वर कुठे तरी या खाडीला ओढा मिळत असेल," बोधिसत्त्व म्हणाला. "माझे वडील पान चाटून म्हशींची वाट ठरवत. पाणी जितकं कमी खारं, तितकं पानावर मीठ कमी. पण भरती आहे तोवरच जायला हवं. ओहोटी लागली की होडी चिखलात बसेल."

मग कोणी हलू शकणार नाही, हे नाखव्याला सांगावे लागले नाही.

खाडी दुभंगली त्या पहिल्या फाट्याशी भद्रिलने पानाकडे हात नेला. बोधिसत्त्वाने तो मागे सारला. "मिठाने तहान वाढते, नाखवा. एकानेच चाटलेलं बरं." त्याने दोन्ही काठांची सात-आठ पाने चाटली. "डावीकडे."

दुसऱ्या फाट्याशी त्याला जास्त पाने लागली. तो "उजवीकडे" म्हणाला, तेव्हा त्याचा आवाज फुटेना.

"चरू द्या त्याला पोटभर," कुंभक म्हणाला.

तिसऱ्या फाट्याशी बोधिसत्त्वाने पान चाटले, पुन्हा चाटले. त्याच्या जिभेतून रक्त येत होते. "कळत नाही," तो म्हणाला. "सगळंच खारट लागतंय."

भद्रिलने पाण्याकडे पाहिले. तरंगणारी काडी जागच्या जागी थांबली होती. भरती संपली होती. त्याने पखाल उचलली. "आईचा घोट आहे, पण घे. जीभ धुऊन टाक."

बोधिसत्त्वाने पखाल हातात घेतली. मग तो म्हातारीपुढे गुडघ्यांवर बसला.

"आई, माझी जीभ एका घोटाने सुधारायची नाही. यांच्या जिभा सुकून लाकूड झाल्यात. हा घोट तुम्ही घ्या आणि पान चाखून सांगा."

"मला नको. माझा जायचा तो गेला."

तो घोट देऊन कुंभकलाही पान चाखायला लावता आले असते, पण याला आईलाच पाणी पाजायचे आहे, हे भद्रिलच्या ध्यानात आले.

"पन्नास वर्षं तुम्ही घरचं कालवण चाखलंत," बोधिसत्त्व म्हणाला. "मीठ कमी की जास्त, इथे दुसऱ्या कोणाला कळणार?"

म्हातारीने थोरल्याकडे पाहिले. "याला तर कधीच कळलं नाही. अळणी वाढलं तरी मुकाट जेवतो."

आणि तिने पखाल तोंडाला लावली.

उजवीकडचे पान चाखून तिने तोंड वाकडे केले. डावीकडचे दोनदा चाखले. काडी आता समुद्राकडे सरकू लागली होती.

"इकडे," ती म्हणाली. "हे नुसतं तुरट आहे."

खलाशांनी वल्ही मारली. तळ दोनदा चिखलाला घासला. तिवर विरळ झाले, केवड्याची बने लागली आणि त्यापलीकडे खडकावरून उतरणारा ओढा दिसला. सगळे पाण्यावर तुटून पडले. म्हातारीने पहिली ओंजळ बोधिसत्त्वाच्या तोंडाशी धरली.

आपल्या पूर्वजन्माची ही कथा सांगून भगवान शास्ते थांबले. समोर एक उपासिका बसली होती. धाकट्या मुलाला अग्नी दिल्यापासून तिने अन्न घेतले नव्हते. शास्ते तिला म्हणाले, "त्या जन्मीचा कुंभक म्हणजे दाराशी बसलेला हा भिक्षू. भद्रिल म्हणजे तुझा थोरला, ज्याने आज तुला हात धरून इथे आणले. नागश्री तूच होतीस. पाने चाटणारा महिषपाल मी होतो. स्वतःच्या तहानेत त्याला दुसऱ्याचे दुःख दिसेनासे झाले नाही. या गुणाला करुणा म्हणतात."