तानकाआजीची कळशी

लई वर्षं झाली त्याला. पिंपरखुंटात तेव्हा एकच विहीर होती, आणि डोंगरकर चोर असतात हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं, असं म्हणतात. चोर का? तर खाली मान घालून चालतात म्हणून. तानकाआजीची तांब्याची कळशी गेली, त्या दिवशी असाच एक डोंगरकर वेशीतून गेला होता. झालं. एकाच्या मानेवरून अख्खा डोंगर चोर ठरला. लोकांना काय, जीभ फुकट मिळालेली.

मग विहीर आटली. आठ दिवसांत पाणी लागलं नाही तर गाव उठवायचं ठरलं. तेवढ्यात डोंगरावरचा विहीरखोद्या हैबती आला, नजर जमिनीला लावून.

आजी काठी घेऊन दारात उभी. "काय शोधतोस रे? कळशी तर नेलीत, आता रांजण न्यायचाय?"

"ओलं वारूळ बघतोय, आजी. ते असतं तिथं खाली पाणी असतं. आमच्याकडं वर बघून चालला तो दरीत गेला. खाली बघायचीच सवय."

फिरत फिरत तो आजीच्याच गोठ्यात, ओल्या वारुळापाशी थांबला. म्हणाला, पाणी इथं आहे. चोराला घरात घ्यावं, का गाव सोडावं? शेवटी तहानेली म्हैस हंबरली, तेव्हा तिनं दावं सोडून जागा मोकळी केली. हैबती खणायला लागला आणि आजी काठी घेऊन पहाऱ्याला बसली.

तिसऱ्या दिवशी मातीच्या पाटीतून कळशी वर आली. लुटारूंच्या भीतीनं सासऱ्यानंच पुरली होती, आणि सांगायच्या आधीच म्हातारा गेला होता. आजीनं कळशीकडं पाहिलं, हैबतीकडं पाहिलं. काठी आढ्याला खोचली आणि पदर खोचून पाट्या उचलायला लागली.

सातव्या दिवशी पहार कातळात बसली. पाणी असं उसळलं, की हैबती पाटीत बसून नावेसारखा वर आला, असं म्हणतात. पहिली म्हैस प्याली.

आता गाव दुसरंच बोलायला लागलं. म्हणे, डोंगरकराला जमिनीतलं पाणी दिसतं. हैबतीच्या मेव्हण्याला धरून आणलं, तीन दिवस खणायला लावलं. निघाला धोंडा.

"तो घोंगड्या विणतो," हैबती म्हणाला. "त्याला विचारायचं तरी."

पिंपरखुंटात अजूनही कुणी परका मान खाली घालून आला, की त्याच कळशीनं पाणी देतात आणि विचारतात, "काय शोधताय, बाबा?" त्याचं सांगून होईपर्यंत मधे कुणी बोलत नाही. कळशी विहिरीवर उघडीच असते. साखळी नाही, राखण नाही. आणि कधी दिसेनाशी झालीच, तर ज्यानं त्यानं आधी आपला गोठा खणायचा, असा गावाचा दंडक आहे.