कानडीतला प्रश्न

"मग आधी काय शिकू, अप्पा? कोडिंग, की डेटाबेस?"

विचारणारा तन्मय कारखानीस. पुण्यात एका कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर. म्हणजे ॲपमध्ये काय हवं ते ठरवायचं, इंजिनिअर लोकांकडून करून घ्यायचं आणि वर साहेबाला सांगायचं. कॉलेजात होता तेव्हापासून आमच्या जतजवळच्या मठात येतो. अप्पा मठाचे स्वामी, मी त्यांच्या सेवेला. दर वेळी कुठला तरी नवा कोर्स करून येतो आणि अप्पांना ऐकवत बसतो. अप्पा ऐकून घेतात. मला मात्र वैताग येतो, खोटं कशाला बोलू.

अप्पा भुईमुगाच्या शेंगा फोडत होते.

"एवढी घाई का रे?"

त्यानं आधी उडवाउडवी केली. मग सगळं बाहेर आलं.

डॉक्टरांची वेळ घरबसल्या घ्यायचं एक ॲप त्याच्या कंपनीनं केलं होतं. आश्लेषा नावाच्या इंजिनिअर मुलीनं मीटिंगमध्ये त्याला बजावलं होतं, घाई केली तर एकच वेळ दोघांना जाईल, थोडं थांबा. पण ती बोलली तिच्या कामाच्या भाषेत. ह्याच्या डोक्यावरून गेलं. चारचौघांत विचारायचं कसं? ह्यानं मान हलवली आणि साहेबाला कळवून टाकलं, सगळं तयार आहे.

ॲप सुरू झालं. एकेका वेळेला दोन-दोन पेशंट डॉक्टरांच्या दारात. तापानं फणफणलेली लेकरं कडेवर घेऊन बायका एकमेकींशी भांडल्या. साहेब आश्लेषावर उखडला, आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तन्मयसरांना सांगितलं होतं. साहेबानं ह्याच्याकडं पाहिलं...

"तू काय म्हणालास?"

"काहीच नाही, अप्पा."

आता तिची नोकरी जाणार होती. उद्याच्या मीटिंगमध्ये तेवढंच ठरायचं राहिलं होतं.

"खरं बोललो असतो तर सगळ्यांना कळलं असतं, मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही. म्हणून म्हणतो, आता मन लावून शिकतो. पुन्हा असं व्हायला नको."

त्याचे कान लाल झाले होते. मान वर होत नव्हती. पहिल्यांदाच मला त्याची दया आली.

अप्पांनी आणखी एक शेंग उचलली. मग सावकाश, त्याच्याकडं बघत, कानडीत काहीतरी म्हणाले. आमच्या भागात निम्मं गाव कानडी बोलतं, त्यामुळं मला कळलं. प्रश्न होता. तन्मयला कानडीचा गंध नाही.

त्यानं मान हलवली. "हो, अप्पा."

...

"काय विचारलं मी?"

तन्मयनं माझ्याकडं पाहिलं. मी दुसरीकडं बघितलं. चेहरा पार उतरला. वाटलं, आता उठून जातो.

नाही गेला.

"मला कळलं नाही," तो म्हणाला. "काय विचारलंत, अप्पा?"

अप्पांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"उद्या सगळ्यांदेखत खरं सांगशील का, असं विचारलं... तू हो म्हणालास."