निजगोळीची दवंडी

फार पूर्वी, गावाला बातमी हलगीवरून कळायची तेव्हाची ही गोष्ट. एका गावात एक दवंडीवाला होता. त्याची हलगी कडाडली की माणसं हातातलं काम टाकून ओट्यावर यायची, कारण त्याच्या तोंडून खोटा शब्द कधी गेला नव्हता. पण बातम्या तरी कसल्या? पटकीची साथ आलीय, पाणी उकळून प्या. नदी फुगलीय, गुरं सोडवा. त्याला बघूनच लोकांचे चेहरे उतरायचे आणि बिचाऱ्याला त्याचं फार वाईट वाटायचं.

एकदा गावात एक व्यापारी आला. त्याच्याकडे तान्ह्या मुलांना उगाळून द्यायची निजगोळी होती. "मूल शांत झोपतं, आई कामाला मोकळी," तो म्हणाला. "देवानं तुला एवढा खणखणीत गळा दिला, तो काय नुसती संकटं सांगायला? एकदा तरी आनंदाची बातमी दे."

हलगीवर विकायचा माल सांगायचा नाही, ही गावची रीत. पण ती कुठे लिहिलेली नव्हती, आणि कौतुकानं दवंडीवाला विरघळला. दुसऱ्या दिवशी गल्लोगल्ली आवाज घुमला, "ऐका हो ऐका, रडतं मूल शांत निजेल, निजगोळी घ्या." बायका हसत बाहेर आल्या. एकीनं तर त्याच्या हातावर गूळ ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच असं घडत होतं. मग काय, तो रोज सकाळी तीच दवंडी देऊ लागला.

आठ दिवसांनी गावची म्हातारी सुईण त्याच्याकडे आली. त्याची लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, दोन महिन्यांची नात आत पाळण्यात होती. सुईणीनं त्याला अंगणाबाहेर बोलावलं.

"त्या गोळीत अफू आहे. कोष्ट्याचं पोर दूध ओढेनासं झालंय. मी घरोघर सांगतेय, पण बायका म्हणतात, हलगीवर आलंय ते खरंच असणार. तुझ्या घरात तू सांगशीलच. उद्या गावालाही सांग, की चुकलो."

"दिलेली दवंडी आजवर कुणी मागे घेतली नाही, आजी. माझ्या बापानंही नाही. परवा बाजार उरकला की व्यापारी जाईल. आपोआप मिटेल सगळं."

"तान्ह्याला दोन दिवस फार होतात रे," म्हणून ती निघून गेली.

तो गप्प बसला. घरातही बोलला नाही, कारण बोलायचं तर आधी लेकीपुढेच मान खाली घालावी लागली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो घरी आला तेव्हा घर शांत होतं. पोटदुखीनं रडणारी नात निजलेली बघून त्याला बरंच वाटलं.

"दोन गोळ्या दिल्या," लेक हळूच म्हणाली. "तुम्हीच रोज सांगता ना, आबा."

तो पाळण्याकडे धावला. बाळाचे ओठ निळे पडले होते. सुईण धावत आली, तिनं बाळाच्या छातीला हात लावून पाहिला आणि पदर डोळ्यांना लावला.

दुसऱ्या दिवशी पंच बसले. व्यापारी म्हणाला, "मी कुणाच्या तोंडात बळेच कोंबली नाही. ज्याला हवी त्यानं घेतली."

सुईण म्हणाली, "नुसतं तू सांगितलं असतंस तर एकीनंही घेतली नसती. आम्ही हलगीचं ऐकलं." आणि दवंडीवाल्याला आपण कधी सावध केलं होतं, तेही तिनं सगळ्यांदेखत सांगितलं.

पंचांनी गोळ्या खड्ड्यात पुरल्या, व्यापाऱ्याला वेशीबाहेर घालवलं, आणि पोटात घ्यायच्या कुठल्याही मालाची दवंडी या गावात द्यायची नाही, असं चावडीच्या भिंतीवर लिहून काढलं. हा नियम गावाला सांगायचं काम त्याच्याकडेच आलं.

"ऐका हो ऐका, माझी दवंडी खोटी होती. निजगोळी कुणी देऊ नका." कुंभाराच्या घरी त्याच वेळी गोळी उगाळणं चाललं होतं. तिथल्या सुनेनं सहाण तशीच अंगणात पालथी केली.

फिरत फिरत तो स्वतःच्या दाराशी आला. लेक उंबऱ्यात बसली होती. त्यानं हलगी खाली घेतली.

"सांगा ना, आबा," ती म्हणाली. "परवा सांगायचं होतं, ते आता तरी सांगा."

त्यानं सांगितलं. रडत रडत, पण शेवटपर्यंत सांगितलं.

तात्पर्य एवढंच: ज्या आवाजावर सगळा गाव विश्वास ठेवतो, तो माल खपवायला देऊ नये, आणि जिवावर उठणाऱ्या मालाची जाहिरात थांबवायची, तर ती आजच थांबवावी.