राजा निम्मा, गाठ लोणच्याची

एका राज्यात, जिथे पोपट साक्ष देत आणि विहिरी खोटे बोलत, उत्तुंगसेन नावाचा राजा होता. राजा चांगला चार हात उंच होता, पण त्याला ते पुरत नसे. भाटांनी रोज सकाळी त्याच्या उंचीवर एक तरी कवन गावे अशी आज्ञा होती. एकदा जुन्या विहिरीच्या तळाशी सोन्याचा गज सापडला. त्यावर कोरले होते, 'मोजू नये.' राजाने लगेच स्वतःला मोजून घेतले.

"माझ्याएवढा उंच राजा पृथ्वीवर नाही," राजा म्हणाला.

"उद्यापासून दर पहाटे तू निम्मा होशील," गज म्हणाला.

पहाट झाली आणि राजा दोन हातांचा झाला. प्रधान दीर्घशर्मा मोठा हिशेबी माणूस. तो म्हणाला, "निम्मा राजा आज गेला. उरलेला निम्मा उद्या जाईल. मग गादीवर कोणीतरी बसायला हवे." हे कोणीतरी म्हणजे कोण, ते प्रधानाच्या शिंप्याला ठाऊक होते. दुसऱ्या पहाटे अभिषेकाचा मांडव उभा राहिला, आणि हातभर उंचीचा राजा चालत येऊन म्हणाला, "न्याहारी कुठे आहे?" मांडव उतरला. पुढल्या पहाटे पुन्हा चढला, तर राजा वीतभर होऊन हजर. "शाप दमत चालला आहे," प्रधान म्हणाला. पण मांडववाले त्याच्या आधीच दमले होते.

राणी मेधावतीने मात्र पहिल्याच पहाटे पदराला गाठ मारली. जे विसरायचे नाही त्याची गाठ मारायची, ही तिची माहेरची सवय. एक पहाट, एक गाठ. निम्म्याचे निम्मे कितीही वेळा केले तरी ते संपत नाही, हे तिने ओळखले होते. संपत नाही, पण सापडेनासे होते, आणि त्याचीच तिला भीती वाटे. राज्याचा कायदा होता की सिंहासनावर जो दिसत नाही तो राजा नव्हे. राजा बोटाहून लहान झाला तेव्हा तिने कुंकवाचा करंडा पुसून त्यात कापूस घातला आणि नवऱ्याला आत ठेवले. रोज पहाटे झाकण उघडून ती आत डोकावे.

राजा ज्वारीच्या दाण्याएवढा झाला त्या दिवशी खिडकीतला भारद्वाज बोलला. "गज घडवणारा मांत्रिक त्रिशंख मागच्या डोंगरावर राहतो. उतारा त्याच्याकडे आहे."

"हे आधी का नाही सांगितलेस?"

"कोणी विचारले नाही," भारद्वाज म्हणाला.

राणी करंडा घेऊन निघाली. राजा दिसेनासा होताच साक्षीला कोणी हवे म्हणून प्रधानही निघाला. डोंगराला दोन जिने होते. एकाला शंभर पायऱ्या, सगळ्या सारख्या. दुसऱ्याला बाराच, पहिली बोटभर उंच, आणि पुढची प्रत्येक आधीच्या पायरीच्या दुप्पट. वरून मांत्रिक ओरडला, "पहिले काम, वर या."

"शंभरांपेक्षा बारा बऱ्या," प्रधान म्हणाला आणि टुणटुण चढू लागला. राणीने पदराच्या गाठी चाचपल्या. जे निम्म्याने उतरते ते दुपटीने चढते. ती शंभर पायऱ्या चढली. धापा टाकत वर पोचली तेव्हा प्रधान खाली एका पायरीवर अडकला होता. पुढची पायरी त्याच्या डोक्याच्याही वर होती, आणि खाली उडी मारायला धीर नव्हता.

गुहेत एक पणती जळत होती. मांत्रिक म्हणाला, "दुसरे काम. उजेड वाढला असे मला तीनदा वाटले पाहिजे."

राणीने आणखी एक पणती लावली.

"वाढला."

तिने पुन्हा एक लावली.

"कुठे वाढला?"

राणी क्षणभर थांबली. एकीला एक जोडली होती तेव्हा फरक पडला; दोघींना एक जोडून भागणार नाही. तिने चौथी लावली. "वाढला," मांत्रिक म्हणाला. मग तिने विचारलेच नाही, एकदम आणखी चार लावल्या. मांत्रिकाने डोळे किलकिले करून हात जोडले.

"तिसरे काम. माझ्या कुपीतल्या एका थेंबाने माणूस दुप्पट होतो. किती थेंब देऊ ते सांग. कमी पडले तर पुन्हा मिळणार नाहीत. आणि ध्यानात ठेव, शाप उंचीचा नाही, हावेचा आहे. हाव सुटली नाही तर पहाटेपासून पहिले पाढे पंचावन्न."

राणीने पदराच्या गाठी मोजल्या आणि तेवढे थेंब मागितले.

भर दुपारी, भर दरबारात तिने पहिला थेंब पाजला. ज्वारीचा दाणा तुरीएवढा झाला. "अशाने युगे लागतील," मानकरी कुजबुजले. पण तुरीचे बोट झाले, बोटाची वीत, वितीचा हात, आणि शेवटी दोन हातांवरून राजा एकदम चार हातांचा होऊन उभा राहिला. मानकरी मागे सरले. कुपीत अजून एक थेंब होता.

"हा उरला," राजाचे डोळे चमकले. "पहिल्या थेंबाने मी जेमतेम तुरीएवढा झालो. याने बोटभर वाढेन. कुणाचे काय जाते?"

"पहिल्या थेंबापुढे ज्वारीचा दाणा होता, महाराज," राणी म्हणाली. "याच्यापुढे चार हातांचा राजा आहे. आठ हात व्हाल. दारातून मावणार नाही, आणि तुम्हांला ठेवायला माझ्याकडे तेवढा करंडा नाही."

राजाने दाराकडे पाहिले, मग करंड्याकडे.

"रोज पहाटे तू झाकण उघडायचीस," तो म्हणाला, "तेव्हा मला तुझा एकच डोळा दिसायचा. आभाळाएवढा, आणि भरलेला. नको मला तो थेंब."

भिंतीला टेकवलेला गज तडकला. सोने उडाले आणि खाली साधी काठी उरली. पुढे तिच्यावर धोतरे वाळू लागली.

राणी मात्र पदराकडे बघत विचारात पडली. एक थेंब जास्त आला कसा? तिने सगळ्या गाठी पुन्हा आठवून पाहिल्या आणि कपाळावर हात मारला. मधली एक गाठ पहाटेची नव्हतीच. कैरीचे लोणचे हलवायचे राहिले होते, त्याची होती.

ती तशीच कोठीघरात गेली, बरणी हलवली, आणि उरलेला थेंब तिच्यात सोडला. बरणी दुप्पट झाली, लोणचेही दुप्पट झाले, आणि त्या वर्षी नगरात लोणच्यावाचून कोणी जेवले नाही. प्रधानाला उतरवायला शिडी धाडली, तिच्याबरोबर भाकरी आणि फोडही धाडली. ज्याची गाठ त्याला थेंब मिळाला. तुमच्याआमच्या गाठीही अशाच वेळेवर आठवोत.