तांडेलिणीची हाळी

वाळूवर ओढून ठेवलेलं गलबत एकट्या माणसाला पाण्यात लोटता येईल का? छोट्यांनो, तुम्ही सांगा. मोठ्यांनो, तुम्हीही जरा विचार करा.

फार फार जुन्या काळी समुद्राकाठी एक राज्य होतं. पावसाळ्यात तिथली गलबतं वाळूवर ओढून झावळ्यांखाली झाकून ठेवत. पाऊस सरला की गावभर घाई उडे. फळ्यांच्या सांध्यांत काथ्या ठासायचा, वरून तापलेली राळ भरायची, फाटकी शिडं शिवायची. मग गलबताच्या पोटात पाणी भरून ठेवायचं. सुकलेल्या फळ्या पाणी पिऊन फुगत आणि फटी मिटत. पण फुगलेलं गलबत लगेच समुद्रात न्यावं लागे. उन्हात राहिलं की फटी पुन्हा उघडत.

त्या गावाची एक रीत होती. ज्याचं गलबत त्याने हाळी द्यायची, आणि ती ऐकणाऱ्या प्रत्येकाने येऊन खांदा लावायचा. भांडण असलं तरी यायचं.

राजाचाही एक हुकूम होता. मोसमात पहिली उतरेल ती राजाची शिडाची नाव. त्याआधी कुणी गलबत हलवायचं नाही.

एरवी कुणाचं काही अडत नसे. पण त्या वर्षी राजाला नावेच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकावर, सोन्याचा मोर हवासा वाटला. मोर बसला, तर शीड रेशमाचं हवं झालं. रेशीम आलं, तर त्याचा रंग आवडेना. इकडे गावाची गलबतं तयार होऊन वाळूवर तडकू लागली. लोकांनी पुन्हा पाणी भरलं, पुन्हा राळ तापवली. बोललं मात्र कुणी नाही.

समोरच्या बेटावर भात पिकत नसे. धान्य संपलं की गावाने भात आणावा म्हणून तिथली माणसं टेकडीवर धूर करीत. तो धूर कितीतरी दिवस दिसत होता आणि आता विरळ होत चालला होता.

गावात एक तांडेलीण होती. नवरा गेल्यावर त्याचं गलबत तीच चालवायची. ती किनाऱ्यावरच्या हवालदाराकडे गेली.

"हवालदारदादा, बेटावरचा धूर बघितलात?"

"बघितला. महाराजांचं शीड शिवून होऊ दे."

"माणसं शीड खात नाहीत, दादा."

ती परत आली. तिने गलबतातलं पाणी सोडलं, माशाचं तेल लावलेले ओंडके खाली सरकवले आणि जोरात हाळी दिली.

कुणीही आलं नाही. माणसं दारात उभी राहून पायांकडे बघत होती.

"ढकल की एकटी!" हवालदार हसला.

तिने खांदा लावला. गलबत केसभरही हललं नाही. खांदा सोलवटला. तिने पुन्हा हाळी दिली.

तेव्हा तिची जाऊ घरातून बाहेर आली. माडाच्या बांधावरून दोघींचा अबोला होता.

"तुझं तोंड बघायला आले नाही मी," जाऊ म्हणाली. "सरक तिकडे. इतकी वर्षं झाली, अजून खांदा कुठे लावायचा ते कळत नाही तुला."

दोघींनी जोर लावला. मग जाळी विणणारे उठले. लोहार आला. म्हातारा वैद्य काठी टाकून आला.

"खबरदार!" हवालदार ओरडला. "पहिला हात कुणी लावला? त्याला कोठडीत टाकतो!"

"मी," तांडेलीण म्हणाली.

"ती कसली लावतेय? मी लावला," जाऊ म्हणाली.

"मी," लोहार म्हणाला. मग सगळेच म्हणू लागले. कोठडी तर एवढीशी होती. हवालदार वाटेतून बाजूला झाला.

गलबत पाण्यात शिरलं. लोकांनी डोक्यावरून भाताची पोती नेऊन चढवली. तांडेलिणीने शीड उभारलं आणि ती बेटाकडे निघाली.

दुपारी राजा आला, रागाने लाल झालेला.

"माझ्याआधी गलबत उतरवलंत! आता माझी नाव ढकला. आत्ताच्या आत्ता!"

"हाळी द्या, महाराज," जाऊ म्हणाली.

"राजा हाळी देत नाही. राजा हुकूम देतो."

"मग हुकमालाच सांगा ढकलायला."

आणि ती पुढच्या गलबताला खांदा लावायला गेली. सगळा गाव तिच्या मागोमाग गेला.

भुकेल्याची वाट अडवणारा हुकूम कुणाचाही असो, तो मोडावाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेटावर चुली पेटल्या, गावातली सगळी गलबतं पाण्यात होती, आणि राजाची नाव एकटीच वाळूवर उभी होती.