चिंचेखालची नमाज

एका गावात दिवाळी सरली की एक पिंजारी यायचा. त्याचं नाव दस्तगीर. खांद्यावर माणसाएवढी कमान, कमानीला ताणलेली तात आणि हातात त्या तातेवर मारायचा लाकडी ठोकळा. तो आला की बायका गाद्या-उशा उसवून वर्षभर दबलेला कापूस बाहेर काढत. दस्तगीर तो पिंजून पुन्हा हलका करून देई. तातेचा आवाज कानी आला की म्हातारी माणसं म्हणत, "थंडी आली बरं का."

दस्तगीरचं घर चाळीस कोसांवर होतं. वर्षातले आठ महिने तो रस्त्यावर असे. नमाजाची वेळ जिथं गाठेल तिथं तो पढायचा. कधी खळ्यावर, कधी कालव्याच्या काठी, कधी गुऱ्हाळाच्या मागं. एकदा ओढ्याला पाणी आलं आणि बैलगाडी अडकली, तेव्हा त्यानं गाडीतच चादर अंथरली. मात्र जागा कुणाची असेल तर आधी विचारायचा.

या गावात त्याला जागा दिली रंभाजीनं. रंभाजी साधा शेतकरी. त्याच्या गोठ्यापुढं चिंचेचं झाड होतं. "आमच्या चिंचेखाली पढ की," तो पहिल्याच वर्षी म्हणाला. "सावली आहे, जागा झाडलेली आहे. आणखी काय पाहिजे?"

त्या जागेच्या अगदी समोरून पायवाट जायची. एका दुपारी रंभाजी डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन त्या वाटेनं आला. दस्तगीर नमाजात होता. रंभाजी थबकला. भर उन्हात, ओझं डोक्यावर घेऊन, तो नमाज संपेपर्यंत उभा राहिला.

दस्तगीरनं मान वळवली तेव्हा समोर रंभाजी घामानं निथळत होता.

"अरे, खुळा का काय तू? भारा घेऊन उभा कशाला राहिलास?"

"तू देवाशी बोलत होतास. मधूनच कसा जाऊ?"

दस्तगीर ओशाळला. "माझ्या नमाजापायी तुझी मान मोडायला नको, बाबा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नमाजाला उभं राहण्याआधी त्यानं आपला लाकडी ठोकळा समोर मातीत उभा केला. म्हणाला, "नमाज पढणाऱ्याच्या पुढून जायचं नसतं, हे तुझं खरं. पण समोर असं काही उभं केलं, की त्याच्या पलीकडून कुणीही खुशाल जावं. आमच्यात तशी मुभा आहे. आता तुझी वाट मोकळी."

तेव्हापासून तो ठोकळा रोज तिथं उभा राहू लागला. वाट मोकळी राहिली. गुरं जात, बायका घागरी घेऊन जात, पोरं पळत जात. दस्तगीर पढत असे.

आणखी एक गोष्ट रंभाजीच्या नजरेत आली. एका आठवडी बाजारात त्यानं दस्तगीरला पढताना पाहिलं होतं. तिथं तो लवकर उठला. इथं मात्र त्याला बराच वेळ लागायचा.

"बाजारात भराभर उरकलंस, आणि इथं एवढा वेळ? आमच्या गावाची पापं जास्त आहेत का?" रंभाजीनं चिडवलं.

दस्तगीर हसला. "उभं राहायचं, वाकायचं, दोनदा माथा टेकायचा. ही झाली एक रकात. दुपारच्या नमाजाच्या अशा चार. पण मुसाफिराला त्यातल्या दोन माफ असतात. एका गावी पंधरा दिवस राहायचं ठरवलं की मुसाफिरी संपते. मग पुऱ्या चार पढायच्या. तुमच्या गावात मी वीस दिवस असतो."

"म्हणजे आमच्या गावात तू परका नाहीस?"

"दोन की चार, ते मोजून घे ना रोज," दस्तगीर म्हणाला.

अशी अकरा वर्षं गेली.

बाराव्या वर्षी एका सकाळी चहाच्या दुकानात माणसं बसली होती. त्यात सुदाम नावाचा एक गमत्या होता. तो म्हणाला, "तुमचा पिंजारी लई हुशार हाय बरं. आज लाकूड रोवतोय, उद्या भिंत बांधील, परवा आपल्यालाच विचारील, 'कुणाकडं आलात पाव्हणं?'"

सगळे हसले. रंभाजीही तिथं होता. हसता हसता त्याच्या हातातला चहा सांडला.

दुसऱ्या दिवशी तेच वाक्य गिरणीवर पोहोचलं. तिथं कुणी हसलं नाही. "तो भिंत बांधणार आहे म्हणे," एवढंच लोक बोलले. तिसऱ्या दिवशी विहिरीवर कुणीतरी सांगितलं, की पिंजारी विटांची चौकशी करून आला. चौथ्या दिवशी दस्तगीरला चावडीवर बोलावणं आलं.

चावडी भरली होती. सरपंच भिवाजीराव वाईट माणूस नव्हता. त्यानं सरळ विचारलं, "पिंजारी, ती जागा तुला कुणी दिली, का तूच आपणहून धरलीस?"

दस्तगीरनं रंभाजीकडं पाहिलं. तो नाव घेऊ शकला असता. पण ज्यानं जागा दिली त्याचं नाव त्याच्याच तोंडून यावं, असं त्याला वाटलं. तो म्हणाला, "ज्यानं दिली, तो बसलाय इथंच. तो सांगेल."

माणसं एकमेकांकडं पाहू लागली. रंभाजीच्या ओठांवर शब्द आले होते. 'चिंच माझी, मीच बोलावलं.' एवढेच शब्द. ते बोलल्यानं त्याला कुणी मारणार नव्हतं. कुणी वाळीत टाकणार नव्हतं. चहाच्या दुकानात सुदाम आठ दिवस चिडवत राहिला असता, "काय रंभाजी, तूपण टेकतोस का माथा?" आणि नवव्या दिवशी विसरला असता. इतकंच त्याचं मोल होतं. पण रंभाजी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला.

दस्तगीर वाट पाहत उभा होता. कापसाचा गठ्ठा उचलावा इतक्या वेळानं त्यानं नजर काढून घेतली.

"आणि ते लाकूड कशाला?" सरपंचानं विचारलं.

"वाट मोकळी राहावी म्हणून."

आता चावडी हसली. "वाटेत लाकूड उभं करायचं, आणि म्हणे वाट मोकळी राहावी म्हणून!" सुदाम मांडीवर थाप मारत म्हणाला.

त्या ठोकळ्याचं कारण त्या चावडीत फक्त दोन माणसांना ठाऊक होतं. एकानं सांगितलं, त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. दुसरा गप्प बसला.

सरपंच म्हणाला, "हे बघ, आमचं तुझ्याशी काही वैर नाही. पण गावात हे नको. काय करायचं ते ओढ्यापलीकडं जाऊन कर."

दस्तगीर आणखी तीन दिवस राहिला. रंभाजीच्याच घरचा कापूस अर्धा पिंजून झाला होता, आणि अर्धं काम टाकून जाणं त्याला जमत नव्हतं. त्या तीन दिवसांत तो ओढ्यापलीकडं बाभळींमध्ये पढला. जाताना त्यानं गादी भरून, शिवून रंभाजीच्या बायकोच्या, गोदाबाईच्या हवाली केली. तिनं गादीवरून हात फिरवला. कुठं एक गोळा लागला नाही.

"पुढल्या वर्षी या, चाचा," ती म्हणाली.

"गादी उन्हात टाकत जा, वहिनी. पुष्कळ वर्षं चालेल," दस्तगीर म्हणाला आणि कमान खांद्यावर घेऊन निघाला. रंभाजी त्या दिवशी उजाडायच्या आधीच शेतावर निघून गेला होता.

महिन्याभरात गावानं चिंचेभोवती दगडांची भिंत घातली. पुन्हा तिथं कुणी बसू नये म्हणून. भिंत पायवाटेवर आली. अकरा वर्षं जी वाट एक दिवसही अडली नव्हती, ती कायमची बंद झाली. रंभाजी डोक्यावर भारा घेऊन सगळ्या आळीला वळसा घालून गोठ्यात येऊ लागला.

पुढच्या हिवाळ्यात तातेचा आवाज आला नाही. त्याच्या पुढच्याही आला नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात रंभाजी ज्वारीचं पोतं घेऊन लांबच्या एका बाजाराला गेला. भुसार दुकानांच्या मागं दोन भिंतींमध्ये एक बोळ होता. तिथं फुटके क्रेट आणि कुजका भाजीपाला टाकलेला होता. कचरा बाजूला सारून एक माणूस नमाज पढत होता. भिंतीला टेकवलेली कमान रंभाजीनं ओळखली.

डोक्यावरचं पोतं न उतरवता तो बोळाच्या तोंडाशी उभा राहिला. एक रकात झाली. दुसरी झाली. आणि दस्तगीर मान वळवून उठला. त्याची दाढी पांढरी झाली होती.

"झाली?" रंभाजीच्या तोंडून निघालं.

"झाली. मुसाफिराची एवढीच असते."

"या गावात किती दिवस राहतोस?"

"आता कुठंच पंधरा दिवस राहत नाही."

रंभाजीनं पाहिलं, नमाजाच्या जागेपुढं ठोकळा नव्हता. तो कमानीजवळ आडवा पडला होता. दस्तगीरला त्याची नजर कळली. तो म्हणाला, "इथून कोण जाणार? पुढं भिंतच आहे."

रंभाजीनं पोतं खाली टाकलं. "चल गावाला. मी चावडीत उभा राहतो. सांगतो सगळ्यांना, चिंच माझी होती, मीच तुला बोलावलं, आणि ते लाकूडही माझ्यासाठीच होतं."

"मला हे ठाऊक आहे, रंभाजी," दस्तगीर शांतपणे म्हणाला. "ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांनी त्या दिवशी विचारलं होतं."

त्यानं कमान खांद्यावर घेतली. रंभाजीचं पोतं त्याच्या डोक्यावर चढवायला हात दिला आणि बाजारात निघून गेला.

रंभाजी गावी परतला. दुसऱ्याच सकाळी चहाच्या दुकानात सगळ्यांसमोर उभा राहून त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. मग सुदाम बशीतला चहा फुंकत म्हणाला, "अरे, मग तेव्हाच नाही का सांगायचं? मी तर गमतीनं बोललो होतो."

कुणी हसलं नाही, कुणी रागावलंही नाही. दुकानदारानं पुढचा चहा ओतला, आणि बोलणं ज्वारीच्या भावावर गेलं.

रंभाजी उठला. गुरांना वैरण घालायची होती. शेतातून भारा घेऊन तो चिंचेपर्यंत आला, भिंतीसमोर थांबला आणि वळसा घालून गोठ्याकडं गेला.

तात्पर्य: माणसाला हाकलायला गावात वाईट माणसं लागत नाहीत, एक थट्टा आणि थट्टेला भिणारा एक मित्र पुरतो. चुकलेली प्रार्थना नंतर करता येते. वेळेवर न दिलेली साक्ष नंतर कितीही मोठ्यानं दिली, तरी ती कुणालाच परत आणत नाही.